विद्यार्थिनींचा ऑनलाइन शिक्षणाकडे कल अधिक दिसला, तर त्याचा अर्थ काय लावावा?

अभ्यासार्थिनी

नमस्कार. मी मराठवाड्यातील एका विद्यापीठात शिक्षणशास्त्र विषयात पीएच.डी. करीत आहे. पदवीच्या विद्यार्थ्यांनी ऑनलाइन शिक्षण कितपत स्वीकारले आहे आणि त्या स्वीकारात मुलगे व मुली यांच्यात फरक पडतो का, हा माझ्या प्रबंधाचा विषय आहे. ऑनलाइन शिक्षण म्हणजे केवळ टाळेबंदीतले झूमवरचे तास, एवढाच अर्थ मी घेतलेला नाही. ‘स्वयं’ या केंद्र सरकारच्या संकेतस्थळावरील श्रेयांकांचे (क्रेडिटचे) अभ्यासक्रम, महाविद्यालयाने गूगल क्लासरूमवर ठेवलेले साहित्य व चाचण्या, आणि विद्यार्थी स्वतःहून शोधून पाहतात ती यूट्यूबवरील व्याख्याने हे सारे त्यात धरले आहे.

प्रश्नावली ‘यूटॉट’ (UTAUT) या, लोक नवे तंत्रज्ञान का स्वीकारतात हे सांगणाऱ्या सर्वपरिचित प्रतिमानावर बेतली आहे. अपेक्षित फायदा, अपेक्षित श्रम, सामाजिक प्रभाव आणि पूरक परिस्थिती (वापरासाठी लागणारी साधने व मदत) या चार घटकांवरची विधाने आणि शेवटी पुढे वापर करण्याचा इरादा, असे तिचे स्वरूप असून उत्तरे ‘पूर्णपणे असहमत’ ते ‘पूर्णपणे सहमत’ अशा पाच बिंदूंच्या लिकर्ट श्रेणीवर घ्यायची आहेत. संदर्भ वाचून मी अशी परिकल्पना मांडली होती की तंत्रज्ञानाबाबत मुलांचा आत्मविश्वास अधिक असल्याने त्यांचा इरादाही अधिक असेल. पायलट चाचणीत मात्र मुलींचा इरादा मुलांपेक्षा थोडा वरचढ आला, आणि त्याच वेळी पूरक परिस्थितीच्या विधानांवर मुली स्पष्टपणे मागे होत्या. थोडक्यात, साधने कमी असलेल्या गटाचीच इच्छा अधिक दिसते.

माझ्या मार्गदर्शकांच्या मते पायलटचा नमुना लहान होता, त्यामुळे संपूर्ण संकलनात हा विरोधाभास विरून जाईल आणि त्यासाठी थांबण्याचे कारण नाही. मला हे उत्तर अपुरे वाटते. हा निष्कर्ष टिकला, तर मुली तंत्रज्ञानाला अधिक अनुकूल आहेत असे लिहावे, की प्रश्नावलीतच काही निसटते आहे असे समजावे? दुसरा प्रश्न असा की पायलटची प्रश्नावली मी गूगल फॉर्मवर भरून घेतली होती, मुख्य संकलनासाठीही तीच पद्धत ठेवावी का? प्रत्यक्ष संकलनाचा अनुभव असणाऱ्यांनी कृपया लिहावे.

संशोधनपद्धती

नमुना लहान असणे हे कारण संभवते, परंतु त्याआधी आपली परिकल्पना कोठून आली ते तपासावे, कारण माझ्या मते खरी अडचण तेथे आहे.

फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये तंत्रज्ञान-स्वीकाराचे प्रतिमान मांडले तेव्हा त्यात लिंगभेदाला स्थान नव्हते. विश्वनाथ व्यंकटेश आणि मायकेल मॉरिस यांच्या २००० सालच्या अभ्यासाने तो प्रश्न ठळकपणे पुढे आणला. त्यांनी कचेऱ्यांमध्ये नवी संगणकप्रणाली आल्यावर तेथील कर्मचाऱ्यांचा पाच महिने मागोवा घेतला, आणि पुरुषांच्या निर्णयात उपयुक्ततेचे वजन अधिक, तर स्त्रियांच्या निर्णयात वापरातील सुलभतेचे व इतरांच्या मताचे वजन अधिक असते, असा निष्कर्ष काढला. २००३ मध्ये आलेल्या यूटॉटमध्ये हीच मांडणी अधिक व्यापक झाली. आता यात एक गोष्ट नीट पाहावी. हे दोन्ही शोधनिबंध मुख्यतः कोणत्या घटकाचा इरादा घडण्यात किती वाटा असतो, याविषयी बोलतात. पुरुषांचा इरादा अधिक आणि स्त्रियांचा कमी, असे भाकीत त्यांतून निघत नाही. त्या प्रतिमानात लिंग हा नियामक चल आहे, म्हणजे इतर घटकांचा इराद्यावरील परिणाम तो कमी-अधिक करतो. त्यामुळे दोन गटांच्या सरासरींतला फरक पाहणारी टी-चाचणी लावून आपण यूटॉट तपासले, असे म्हणता येणार नाही. आपल्याकडच्या कितीतरी प्रबंधांत नाव यूटॉटचे आणि काम टी-चाचणीचे असते, आणि मौखिक परीक्षेत त्यावर सहसा कोणी बोट ठेवत नाही, हे मी खेदाने नमूद करतो.

पुरुषांची सरासरीच अधिक, असे सांगणारे अभ्यासही आहेत. ओंग आणि लाय यांच्या २००६ च्या ई-शिक्षणावरील अभ्यासात संगणकविषयक आत्मविश्वास, उपयुक्तता, सुलभता आणि इरादा या सर्वांवर पुरुषांचे गुण जास्त होते, आणि आपली परिकल्पना बहुधा अशाच साहित्यातून आली असावी. परंतु त्यांचे उत्तरदाते तैवानमधील आंतरराष्ट्रीय कंपन्यांचे नोकरदार होते. त्यांचे निष्कर्ष २०२० नंतरच्या, शाळेपासून हातात स्मार्टफोन पाहिलेल्या आणि २०१६ नंतर स्वस्त झालेल्या डेटावर वाढलेल्या पदवीच्या मुलामुलींना जसेच्या तसे लागू करण्याचे कारण मला दिसत नाही. नोकरीत प्रणाली वापरण्याची सक्ती, तिचे प्रशिक्षण आणि ती वापरण्याचा वेळ या तिन्ही गोष्टी मालक पुरवतो. महाविद्यालयीन विद्यार्थ्याच्या वाट्याला त्यांपैकी बहुधा सक्तीच येते.

सांख्यिकी सार्थकता मिळाली, म्हणजे फरक केवळ योगायोगाचा नाही असे दिसले, तरी तो मोठा आहे असेही समजू नये. जॅनेट हाइड यांनी २००५ मध्ये स्त्री-पुरुष फरकांवरील ४६ मेटा-विश्लेषणे (अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करणारी विश्लेषणे) एकत्र पाहिली, तेव्हा त्यांतील ७८ टक्के परिणाम-आकार, म्हणजे फरकाची मापे, लहान किंवा शून्याजवळ निघाले. आपल्या अभ्यासात दोन सरासरींतला फरक प्रमाण विचलनाच्या ०.२ पट निघाला असे धरू. मोठ्या नमुन्यात तो निश्चितच सार्थक ठरेल. पण अशा वेळी दोन्ही गटांची वितरणे सुमारे ९२ टक्के एकमेकांवर पडलेली असतात, आणि यादृच्छिकपणे एक मुलगी व एक मुलगा निवडल्यास मुलीचा गुण जास्त असण्याची शक्यता ५६ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे नाणेफेकीहून थोडीशीच अधिक असते. एवढ्या फरकावर ‘मुली तंत्रज्ञानाला अधिक अनुकूल’ असे विधान करणे धाडसाचे होईल.

शेवटी मापनाविषयी. ‘ऑनलाइन शिक्षणासाठी आवश्यक ती साधने मला उपलब्ध आहेत’ या विधानापुढे एका विद्यार्थ्याने ‘सहमत’वर खूण केली ती खिशातला फोन डोळ्यांपुढे ठेवून, आणि दुसरीने केली ती वडील संध्याकाळी घरी आल्यावर मिळणारा फोन डोळ्यांपुढे ठेवून, तर दोघांचा ४ हा गुण एकच नव्हे. दोन गटांची तुलना करण्यापूर्वी त्या गटांत मापनाची समतुल्यता आहे का, हे तपासावे लागते. त्यासाठी बहुगट पुष्टिकारक घटक-विश्लेषण वापरतात आणि ते ‘आर’सारख्या विनामूल्य प्रणालीत करता येते. समतुल्यता आढळली नाही, तर सरासरींची तुलना तेथेच थांबवावी आणि ती का आढळली नाही हाच अभ्यासाचा विषय करावा.

तालुक्याचे महाविद्यालय

वरील प्रतिसादातील शेवटच्या परिच्छेदाला मी प्रत्यक्षातला पुरावा जोडू इच्छितो. मी गेली बरीच वर्षे विदर्भातील एका तालुक्याच्या ठिकाणी कला शाखेला शिकवतो आणि माझ्या वर्गांत मुलींची संख्या मुलांहून अधिक असते. देशपातळीवरही आता मुली फार मागे नाहीत. उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणानुसार २०२१-२२ मध्ये एकूण सुमारे ४.३३ कोटी नोंदणीपैकी २.०७ कोटी विद्यार्थिनी होत्या. प्रवेशाच्या पटावर जी जवळजवळ बरोबरी दिसते, ती फोनच्या बाबतीत दिसत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ मधील पाचव्या फेरीत, कधी तरी इंटरनेट वापरले आहे असे सांगणाऱ्यांचे प्रमाण १५ ते ४९ या वयोगटातील स्त्रियांत ३३.३ टक्के, तर पुरुषांत ५७.१ टक्के होते. ग्रामीण भागात हेच आकडे २४.६ आणि ४८.७ असे आहेत. स्वतः वापरते असा मोबाइल जवळ असलेल्या स्त्रिया ५४ टक्के होत्या, आणि त्यात साधे फोनही आले. महाविद्यालयीन मुलींची स्थिती या सरासरीहून निश्चितच बरी असणार, पण दिशा तीच आहे.

टाळेबंदीच्या काळात आमच्याकडे सारखा उद्धृत होणारा आकडा निराळा होता. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१७-१८ मधील ७५व्या फेरीनुसार देशातील सुमारे २४ टक्के कुटुंबांकडे इंटरनेटची सोय होती; ग्रामीण भागात सुमारे १५ टक्के आणि शहरी भागात ४२ टक्के. या आकड्याचे एकक कुटुंब आहे, हे लक्षात घ्यावे. कुटुंबाकडे सोय आहे एवढेच त्यावरून समजते. तो फोन सकाळी दहा वाजता, म्हणजे आमच्या ऑनलाइन तासाच्या वेळी, शेतावर गेलेल्या वडिलांकडे आहे, कामावर गेलेल्या भावाकडे आहे की घरी असलेल्या मुलीकडे, हे त्यात दिसत नाही. आम्ही शिक्षकांनी त्या काळात भरलेल्या माहितीतही ‘विद्यार्थ्याकडे स्मार्टफोन आहे का’ असा एकच रकाना होता आणि जवळजवळ सर्वांनी ‘होय’ लिहिले होते.

त्या वर्षी पदवीच्या अंतिम वर्षाच्या परीक्षांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. परीक्षेशिवाय पदवी देता येणार नाही, असा निकाल २८ ऑगस्ट २०२० रोजी लागल्यानंतर राज्यातील विद्यापीठांनी बहुपर्यायी प्रश्नांच्या परीक्षा मोठ्या प्रमाणावर ऑनलाइन घेतल्या. गावात रेंज नसली की मुले फाट्यावर किंवा एखाद्या टेकाडावर जाऊन पेपर देत. मुलींपैकी ज्यांना घरातले कोणी सोबत घेऊन जाऊ शकत होते त्याच तेथवर पोहोचल्या. काही जणी तालुक्याला नातेवाइकांकडे येऊन राहिल्या. रेंज न मिळण्याची अडचण दोघांचीही सारखीच होती, पण ती शोधत गावाबाहेर जाण्याची मुभा सारखी नव्हती. यूटॉटच्या प्रश्नावलीत या मुभेची नोंद कोठे होते?

वेळेचेही असेच आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरातील बिनमोबदल्याच्या कामांत भाग घेणाऱ्या स्त्रिया त्यांवर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवत होत्या, तर अशी कामे करणारे पुरुष ९७ मिनिटे. शिवाय अशी कामे करणाऱ्या पुरुषांचे प्रमाणच मुळात २६ टक्के होते, स्त्रियांचे ८१ टक्के. मुलगी महाविद्यालयात आली की निदान तेवढे तास ती ‘कॉलेजला गेली आहे’ असे घर मानते. घरात बसून कानाला इअरफोन लावून व्याख्यान ऐकणारी मुलगी घराच्या लेखी मोकळीच असते. म्हणून आमच्या विद्यार्थिनी थेट तासापेक्षा ध्वनिमुद्रित व्याख्यान पसंत करत आणि रात्री जेवणखाण आवरल्यावर ते पाहत, तोवर दिवसाचा डेटा कोणी तरी संपवलेला नसला तर.

आणखी एक बाब शोधनिबंधांत मला क्वचितच आढळली. वर्गाचा व्हॉट्सॲप गट केला की प्रत्येक मुलीचा क्रमांक वर्गातील सर्वांना दिसतो. त्यातून नको ते संदेश आणि अवेळी फोन सुरू होतात. ही तक्रार घरी समजली, तर पुष्कळदा फोनच काढून घेतला जातो, त्यामुळे मुली ती घरीही सांगत नाहीत आणि आम्हालाही सांगत नाहीत. मुकाट्याने गटातून बाहेर पडतात. हजेरीपटावर ती मुलगी ‘ऑनलाइन तासाला अनुपस्थित’ एवढीच दिसते. व्हिडिओ बंद ठेवण्यामागेही अनेकदा हेच भय असते, कारण पडद्याचे छायाचित्र कोण काढील याचा भरवसा नसतो. उत्साह कमी म्हणून कॅमेरा बंद, असा निष्कर्ष काढणारे सहकारी मला भेटले आहेत.

उलटतपासणी

चर्चा उत्तम चालली आहे, तरी मला एक-दोन आक्षेप नोंदवावेसे वाटतात.

पहिला आक्षेप तालुक्याच्या सरांच्या प्रतिसादावर. आपण वर्णन केलेली बहुतेक अडचण गरिबीची आणि खेड्याची आहे, आणि लिंगभेद तीत मिसळला आहे. एकच फोन असलेल्या घरातील मुलालाही तो दिवसभर मिळत नाही. टाळेबंदीत अनेक मुले तासाला दिसेनाशी झाली ती मजुरीला, भाजीच्या गाडीवर किंवा सामान पोहोचवण्याच्या कामाला लागल्यामुळे. त्यांची अनुपस्थितीही त्याच रकान्यात गेली. अभ्यासार्थिनीताईंनी केवळ मुलगे विरुद्ध मुली अशी विभागणी केली, तर शाखेचा परिणामही त्यात शिरेल, कारण आपल्याकडे कला शाखेत मुली अधिक आणि अभियांत्रिकीसारख्या काही शाखांत मुलगे अधिक असतात, आणि शाखेनुसार ऑनलाइन शिक्षणाची उपयुक्तता बदलते. प्रयोगशाळा लागणाऱ्या विषयाच्या विद्यार्थ्याला ऑनलाइन शिक्षण निरुपयोगी वाटले, तर त्यात त्याच्या लिंगाचा संबंध नसेल. त्यामुळे शाखा, निवासाचे ठिकाण आणि घरातील फोनची संख्या हे चल समाश्रयणात (रिग्रेशनमध्ये) घेऊन, लिंगाशी त्यांच्या आंतरक्रिया, म्हणजे त्यांचा परिणाम मुलगे व मुलींत वेगळा पडतो का, हे तपासावे. याहून सोपा मार्गही आहे. घरात शिकणारा भाऊ आणि शिकणारी बहीण असे दोघेही असतील, तर स्वतंत्र फोन कोणाला आधी मिळाला आणि अभ्यासासाठी तो कोणाकडे किती वेळ असतो, एवढे विचारावे. तेथे उत्पन्न, गाव आणि रेंज सारे एकच असते. उरलेला फरक लिंगाचा.

दुसरा आक्षेप एकूण सुरावर आहे. मुली म्हणजे मागे पडलेला गट, असे गृहीत धरून आपण बोलत आहोत. प्रत्यक्ष निकालांचा पुरावा तसा नाही. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याच्या सामुदायिक महाविद्यालयांतील ४० हजारांहून अधिक विद्यार्थ्यांच्या नोंदी शू आणि जॅगर्स यांनी तपासल्या. त्यांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्गातील अभ्यासक्रमाच्या तुलनेत ऑनलाइन अभ्यासक्रमात सर्वच गटांची कामगिरी खालावली, परंतु ती मुलांची अधिक खालावली, मुलींची कमी. तरुण आणि आधीचे गुण कमी असलेल्या विद्यार्थ्यांचेही अधिक नुकसान झाले. फिग्लिओ व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अर्थशास्त्राच्या एकाच अभ्यासक्रमासाठी विद्यार्थ्यांना यादृच्छिकपणे प्रत्यक्ष व ऑनलाइन व्याख्यानांत विभागले, तेव्हाही ऑनलाइन गटात नुकसान सोसणाऱ्यांत पुरुष विद्यार्थी ठळक होते. वेळेचे नियोजन आणि स्वतःला लावून घेतलेली शिस्त ऑनलाइन शिक्षणात वर्गापेक्षा अधिक लागते, हे त्याचे एक संभाव्य स्पष्टीकरण मानले जाते. तेव्हा पायलटमधील मुलींचा अधिक इरादा हा खरोखरच त्यांच्या क्षमतेवरील रास्त विश्वासही असू शकतो. तो विरोधाभास समजून लगेच खोडून काढू नये.

अभ्यासार्थिनी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. नियामक चल आणि सरासरी यांतला भेद मी वाचला होता, पण माझ्या परिकल्पनांच्या मांडणीत तो कसा उतरवायचा हे आता स्पष्ट झाले. ‘उलटतपासणी’ यांची भाऊ-बहिणीची सूचना मी नक्कीच घेणार आहे.

तरीही मूळ प्रश्नाचा एक भाग शिल्लक राहतो. पायलटमधील ज्या मुलींचा इरादा सर्वांत अधिक होता, त्यांतील बऱ्याच जणींनी पूरक परिस्थितीला सर्वांत कमी गुण दिले होते. क्षमतेवरील विश्वास हे स्पष्टीकरण मान्य केले, तर साधने नसलेल्यांतच तो सर्वाधिक का असावा?

अभ्यासकेंद्र

या प्रश्नावर मला काही सांगता येईल असे वाटते. मी मुक्त विद्यापीठाच्या एका अभ्यासकेंद्रावर समंत्रक, म्हणजे विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करणारी शिक्षिका, म्हणून काम करते. नाशिक येथे १९८९ मध्ये यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाल्यापासून आमच्याकडे दोन प्रकारचे विद्यार्थी येत आले आहेत. नोकरी सांभाळून पदवी घेणारे, आणि ज्यांना नियमित महाविद्यालयात जाणे शक्य नाही असे. दुसऱ्या गटात स्त्रिया फार मोठ्या संख्येने असतात. बारावीनंतर लग्न झालेल्या, मूल शाळेत जाऊ लागल्यावर परत पुस्तक हाती घेणाऱ्या, एसटीने तालुक्याला रोज जाऊ दिले जात नाही अशा, आणि गावात पुढचे महाविद्यालयच नाही अशा.

या स्त्रियांना ‘दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने पुढे शिकण्याचा माझा इरादा आहे’ या विधानाबाबत विचारले, तर त्या ‘पूर्णपणे सहमत’वरच खूण करतील, आणि ते खरेही असेल. परंतु ती पसंती दोन पर्यायांतून केलेली नाही. त्यांच्यापुढे ऑनलाइन शिक्षण आणि वर्गातील शिक्षण असा प्रश्न नसून ऑनलाइन शिक्षण आणि शिक्षण बंद असा प्रश्न आहे. ज्या मुलाला शहरात खोली घेऊन राहण्याची परवानगी आहे, त्याच्या दृष्टीने ऑनलाइन अभ्यासक्रम हा अनेकांपैकी एक पर्याय असतो आणि म्हणून तो त्याला निवांतपणे तीन गुण देतो. आपल्या पायलटमधील मुली नियमित महाविद्यालयांतल्या आहेत हे मी जाणते. पण त्यांपैकी अनेकींना हे माहीत असते की पदवीचे शेवटचे वर्ष संपले की घराबाहेर जाऊन शिकण्याची मुदतही संपणार आहे. एम.ए., बी.एड.ची तयारी किंवा स्पर्धा परीक्षा, जे काही पुढे करायचे ते घरात बसून करावे लागेल. ज्या घरात मुलीच्या बाहेर जाण्यावर बंधने आहेत, त्याच घरात तिच्या हाती स्वतंत्र फोन असण्याची शक्यताही कमी. मग सर्वांत कमी साधने असलेल्या मुलींचा इरादा सर्वांत अधिक येणे मला मुळीच विरोधाभासी वाटत नाही. दोन्ही उत्तरे एकाच कारणातून आलेली आहेत.

म्हणून इराद्याच्या विधानांनंतर आणखी दोन-तीन प्रश्न घालावेत, असे सुचवते. हाच अभ्यासक्रम तेवढ्याच खर्चात आणि ये-जा करण्याच्या सोयीसह प्रत्यक्ष महाविद्यालयात उपलब्ध असता, तर आपण कोणता मार्ग निवडला असता? त्या निवडीचा अंतिम निर्णय कोणी घेतला असता? जिने दोन्ही मार्ग खुले असताना ऑनलाइन निवडले आणि जिने दुसरा मार्ग नसल्याने निवडले, त्या दोघी आपल्या तक्त्यात आज एकाच रकान्यात आहेत.

‘स्वयं’विषयीही सावध करते. नावनोंदणी विनामूल्य आहे, त्यामुळे नोंदणीचा आकडा फुगतो आणि त्यात मुली पुष्कळ दिसतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनुसार एखाद्या सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयं’वरून करता येतात, हे ऐकून आमच्याकडच्या मुली उत्साहाने नाव नोंदवतात. पण श्रेयांक हवे असतील तर अंतिम परीक्षा ठरलेल्या केंद्रावर प्रत्यक्ष जाऊन द्यावी लागते आणि तिचे शुल्क वेगळे असते. केंद्र जिल्ह्याच्या किंवा त्याहून दूरच्या शहरात असले की वडिलांनी एक दिवसाची मजुरी बुडवून सोबत जायचे, दोघांचे भाडे भरायचे, आणि एवढे करून ती काही नेहमीची विद्यापीठाची परीक्षा नव्हे! साप्ताहिक असाइनमेंट नियमितपणे पूर्ण करून नेमकी परीक्षेला न बसलेली विद्यार्थिनी मी पाहिली आहे, आणि संकेतस्थळाच्या लेखी तिने अभ्यासक्रम अर्धवट सोडलेला असतो. त्यामुळे नावनोंदणी, असाइनमेंट, परीक्षेची नोंदणी, प्रत्यक्ष परीक्षा आणि श्रेयांकांची मान्यता असे टप्पे वेगवेगळे मोजावेत. मुलगे कोणत्या टप्प्यावर गळतात आणि मुली कोणत्या, हे तुमच्या प्रबंधातील सर्वांत उपयुक्त प्रकरण होईल, असे माझे मत आहे.

उलटतपासणी

अभ्यासकेंद्राच्या ताईंचे स्पष्टीकरण मला माझ्यापेक्षा अधिक पटणारे वाटते, फक्त ते पडताळण्याजोगे करावे. ते बरोबर असेल, तर पूरक परिस्थिती आणि इरादा यांच्यातील सहसंबंध मुलांमध्ये धन येईल, म्हणजे साधने अधिक तसा इरादा अधिक, आणि बाहेर जाण्यावर निर्बंध असलेल्या मुलींमध्ये तो क्षीण किंवा ऋणही येईल. यूटॉटच्या मूळ मांडणीत पूरक परिस्थितीचा संबंध इराद्याशी जोडलेला नव्हता, तो थेट प्रत्यक्ष वापराशी जोडलेला होता. २०१२ च्या सुधारित आवृत्तीत तो इराद्याशीही जोडला गेला. आपल्याकडे तो संबंध उलटा मिळाला, तर ती नोंद घेण्याजोगी गोष्ट ठरेल.

अभ्यासार्थिनी

प्रश्नावलीत ‘निवड खुली असती तर’ हा भाग, भाऊ-बहिणीचा भाग आणि फोन कोणत्या वेळी हाती असतो याचा छोटा तक्ता समाविष्ट करीत आहे. ‘स्वयं’च्या टप्प्यांची माहिती महाविद्यालयांच्या समन्वयकांकडून मिळू शकेल. गूगल फॉर्मचा प्रश्न मात्र अद्याप अनुत्तरित आहे. वर्गात कागदी प्रश्नावली वाटल्यास ही अडचण सुटेल का?

संशोधनपद्धती

अर्धीच सुटेल. ऑनलाइन शिक्षण कोणी स्वीकारले हे ऑनलाइन फॉर्मने मोजले, तर ज्यांनी स्वीकारले नाही किंवा ज्यांना ते मिळाले नाही, ते नमुन्यातून आधीच वगळले जातात. त्यात मुलींचे प्रमाण अधिक असेल, तर उरलेल्या मुली तुलनेने सुस्थितीतील असतील आणि लिंगभेद प्रत्यक्षाहून कमी दिसेल. कागदी प्रश्नावलीने फोन नसलेल्या मुली नमुन्यात येतील, पण त्या दिवशी वर्गात न आलेल्या येणार नाहीत. म्हणून नमुना उपस्थितांतून न काढता प्रवेशाच्या यादीतून यादृच्छिक पद्धतीने काढावा आणि निवडलेल्यांपैकी जे भेटले नाहीत त्यांचे लिंग, शाखा व गाव यांची नोंद ठेवावी, म्हणजे प्रतिसाद न मिळाल्याने निष्कर्ष किती झुकला याचा अंदाज देता येतो. प्रश्नावली वर्गशिक्षकांनी गोळा करू नये. अंतर्गत गुण ज्यांच्या हाती आहेत त्यांच्यासमोर ऑनलाइन तासांविषयी कोणी मोकळेपणाने लिहीत नाही. सत्राच्या मध्यावर संकलन करावे, कारण परीक्षेच्या तोंडावर इराद्याची उत्तरे वाढून येतात.

राहिलेल्यांपैकी काही जणींशी फोनवर बोलावे लागेल. त्यासाठी वेळ त्यांच्या सोयीने ठरवावी आणि बोलताना शेजारी कोणी आहे का, हे सुरुवातीलाच विचारून घ्यावे. प्रवेश अर्जावर दिलेला क्रमांक स्वतःचा होता की घरातील दुसऱ्या कोणाचा, तीही नोंद ठेवावी. ही माहिती आपल्याला वेगळी प्रश्नावली न भरून घेता मिळते आणि ती लिकर्ट श्रेणीवरच्या उत्तराहून अधिक विश्वासार्ह असते.